नशिबाला हरवायचं, तर आधी ते मानावं लागतं

'राधे श्याम' हा चित्रपट ११ मार्च २०२२ रोजी तेलुगू आणि हिंदीत एकाच वेळी प्रदर्शित झाला. काळ १९७०च्या दशकातला, जागा इटली. प्रभासने रंगवलेला विक्रमादित्य हात पाहून भविष्य सांगतो आणि त्याचं भाकीत चुकत नाही. आणीबाणी येणार हेही त्याने इंदिरा गांधींना आधीच सांगितलेलं असतं. त्याच्या स्वतःच्या हातावर मात्र प्रेमाची रेषा नाही. पूजा हेगडेची प्रेरणा डॉक्टर आहे आणि तिला असाध्य आजार आहे. मग प्रेम आणि नियती समोरासमोर येतात आणि शेवटी प्रेम जिंकतं. अशा चित्रपटावर आपल्याकडे जो वाद होतो तो ठरलेला असतो. एक बाजू म्हणते, हा अंधश्रद्धेचा प्रचार आहे, यावर बंधन हवं. दुसरी बाजू म्हणते, शेवट पाहिला नाही का? माणूस आपलं नशीब स्वतः लिहितो असंच तर चित्रपट सांगतो, मग हा पुरोगामीच नाही का? मला दोन्ही बाजू चुकीच्या जागी भांडताना दिसतात. बंदीची मागणी चूक आहेच, पण 'प्रेमाने नशिबावर मात केली' हा शेवट चिकित्सक आहे हे म्हणणं त्याहून मोठी चूक आहे. नशिबाला हरवण्यासाठी आधी ते खरोखर कुठेतरी लिहिलेलं असावं लागतं आणि कुणाला तरी ते अचूक वाचता यावं लागतं. ज्योतिषाला याहून मोठं प्रमाणपत्र कोणतं देता येईल?

कथेची रचना बघा. आगगाडीत प्रवाशांचे हात पाहताना विक्रमादित्याच्या लक्षात येतं की यांतल्या कुणालाच पुढचं आयुष्य नाही, आणि ती गाडी अपघातात सापडते. रुग्णालयात त्याच्या विद्येची परीक्षा होते आणि तो त्यात अचूक उतरतो. सचिन खेडेकरांनी साकारलेला डॉक्टर, म्हणजे प्रेरणाचा काका, शंका घेतो खरा, पण त्याच्या शंकेचं काम एवढंच की ती खोटी ठरावी. पटकथा ज्याच्या हातात आहे त्याने शंकेखोराचा पराभव आधीच लिहून ठेवलेला असतो. प्रेक्षक दोन तास भाकितं खरी होताना डोळ्यांनी पाहतो आणि शेवटच्या काही मिनिटांत त्याला सांगितलं जातं की असाधारण प्रेम असेल तर एखादं भाकीत उलटवता येतं. यातून सामान्य माणूस काय घेऊन घरी जाईल? हेच, की हात खरं बोलतो, आणि त्याच्यावर मात करायला प्रभास असावं लागतं.

त्या आगगाडीच्या प्रसंगावर तर दोन हजार वर्षांपूर्वीच उत्तर दिलं गेलेलं आहे. इसवीसनपूर्व २१६मध्ये कानेच्या लढाईत हॅनिबलने रोमन सैन्याची कत्तल केली. पुढे रोमन विचारवंत सिसेरोने भविष्यकथनावर लिहिताना विचारलं, त्या रणांगणावर मेलेल्या सगळ्यांचे ग्रहतारे एकच होते का? आपल्याला कानेपर्यंत जायची गरज नाही. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे, गणपती विसर्जन करून लोक झोपलेले असताना, किल्लारी आणि परिसरातल्या गावांत भूकंपाने हजारो माणसं गेली. त्यांत तान्ही मुलं होती, म्हातारी होती, वेगवेगळ्या राशींची, वेगवेगळ्या हातांची. त्यांना कशाने मारलं हे आपल्याला माहीत आहे. जड दगड आणि मातीच्या भिंती, वर मातीचं ओझं असलेली माळवदं, आणि हा भाग भूकंपाचा नाही ही समजूत. त्या मृत्यूंचं कारण हाताच्या रेषांत शोधणं म्हणजे त्या भिंतींना निर्दोष सोडणं. पडद्यावरच्या त्या गाडीतही रूळ होते, सिग्नल होते, चालक होता. प्रेक्षकाचं लक्ष मात्र तळहातांवर खिळवलं जातं.

ही रचना नवी नाही, आणि आपल्या मातीतही ती सापडते. लीलावतीची दंतकथा बहुतेकांनी शाळेत ऐकलेली असते. भास्कराचार्यांनी मुलीची पत्रिका पाहिली, वैधव्ययोग टाळायला एकच मुहूर्त काढला, घटिकापात्र, म्हणजे वेळ मोजायचं छिद्राचं भांडं, पाण्यावर सोडलं, लीलावती कुतूहलाने वाकली, तिच्या अंगावरचा मोती त्या भांड्यात पडला, छिद्र बुजलं, मुहूर्त टळला आणि ती विधवा झाली. सुंदर आणि क्रूर गोष्ट आहे. पण भास्कराचार्यांच्या ग्रंथात ती नाही. ती आपल्याला अकबराच्या दरबारातल्या फैजीने १५८७च्या सुमारास केलेल्या फारसी भाषांतरातून मिळते, म्हणजे मूळ ग्रंथानंतर चारशेहून अधिक वर्षांनी. ग्रंथात काय आहे? एका मुलीला उद्देशून घातलेली गणितं: कमळांवरचे भुंगे, तुटलेल्या हाराचे मोती, मोर आणि साप. एका मुलीशी गणित बोलणाऱ्या पुस्तकातून लोकांच्या लक्षात राहिली ती तिच्या वैधव्याची गोष्ट. त्या गोष्टीतही पत्रिका खरी ठरते आणि चूक ठरते ती मुलीच्या कुतूहलाची. मला याचा मनापासून राग येतो. नशिबाची गोष्ट अशीच काम करते. ती माणसाने केलेली वस्तू बाजूला सारते आणि त्याच्यावर जे कोसळलं तेच पुढे करते.

आता विरोधी बाजूचं जे खरं आहे ते मान्य करायला हवं. पहिलं, कथा ही कथा आहे. पडद्यावर माणसं उडतात, भुतं सूड घेतात, मेलेले परत येतात, आणि कुणी त्याबद्दल कोर्टात जात नाही. कलावंताला नियती हा विषय नाकारणं म्हणजे जगातलं निम्मं साहित्य नाकारणं. दुसरं, बंदीने कुणाचीही श्रद्धा कमी झालेली नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला, त्यानंतर काही दिवसांत वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा मंजूर झाला. त्या कायद्यानेही जोशी-ज्योतिषी आणि नंदीबैलवाल्यांच्या सल्ल्याला हात लावलेला नाही. हे अपुरं वाटणारे पुष्कळ आहेत. मला ते योग्य वाटतं. नरबळी आणि अघोरी मारहाण यांच्यासाठी पोलीस हवेत, चुकीच्या मतासाठी युक्तिवाद हवा.

आणि तिसरं, आपल्या बाजूचा सूर. १९७५ साली अमेरिकेत १८६ वैज्ञानिकांनी ज्योतिषाविरुद्ध एक निवेदन काढलं. त्यावर १८ नोबेलविजेत्यांच्या सह्या होत्या. खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांनी सही केली नाही. ज्योतिषात त्यांना तथ्य वाटत नव्हतंच. पण निवेदनाचा सूर हुकमी आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. अठरा मोठी माणसं खोटं म्हणतात म्हणून ते खोटं, हा युक्तिवाद होत नाही. आपल्याकडचे पुष्कळ विवेकवादी लेखही असेच संपतात: एकविसाव्या शतकात, चंद्रावर यान उतरवणाऱ्या देशात, हे शोभतं का? शोभण्याचा प्रश्न कुठून आला? मुलीच्या लग्नाच्या काळजीने पत्रिका घेऊन गेलेल्या आईला लाज वाटायला लावून काय मिळणार? ती मूर्ख नाही. ती घाबरलेली आहे, आणि तिच्या भीतीशी कुणीतरी अर्धा तास शांतपणे बोललं आहे. ज्योतिषाने दिलासा मिळतो हे मी नाकारणार नाही.

पण या तिन्हींपैकी पहिल्या मुद्द्याला एक उत्तर आहे. उडणाऱ्या माणसाच्या गोष्टीवर कुणी गच्चीवरून उडी मारत नाही. पत्रिकेवर मात्र लग्नं ठरतात आणि मोडतात. ज्या कल्पनेवर समाज रोज व्यवहार करतो, तिच्याबद्दलच्या गोष्टीला 'ही तर गोष्ट' म्हणून सुटता येत नाही.

तो व्यवहार आकड्यांत पाहू, कारण या वादात आकडे जवळजवळ कधीच येत नाहीत. मंगळ पत्रिकेत पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या किंवा बाराव्या स्थानी असला की मंगळदोष. बारांपैकी पाच स्थानं म्हणजे साधारण ४२ टक्के पत्रिका. देशातली शंभरांतली बेचाळीस माणसं जोडीदाराला घातक असतात का? मग अपवादांची यादी येते, इतकी लांब की बहुतेकांची सुटका व्हावी, आणि कुणाची करायची हे सांगणाऱ्याच्या हाती राहावं. गुणमेलनाचे ३६ गुण घ्या. ते जन्मवेळच्या चंद्रावरून काढतात, बाकीच्या ग्रहांना तिथे जागाच नाही. चंद्र एका नक्षत्रात सुमारे एक दिवस असतो, म्हणजे त्या दिवशी जगभर जन्मलेल्या तीन लाखांहून अधिक मुलांचे तुमच्याशी जुळणारे गुण जवळपास सारखेच. ३६पैकी आठ गुण एकट्या नाडीचे, आणि दोघांची नाडी एकच निघाली की तो दोष. २७ नक्षत्रं तीन नाड्यांत नऊ-नऊ वाटलेली, त्यामुळे कोणत्याही दोघांची नाडी एक निघण्याची शक्यता तीनांत एक. दर तिसऱ्या जोडप्याला एकनाडीची भीती घालणारी ही पद्धत आहे.

आणि ते नक्षत्र तरी नक्की का? आपल्याकडे टिळक पंचांग आणि इतर प्रचलित पंचांगं यांत राशिचक्राच्या आरंभाबद्दल सुमारे चार अंशांचा फरक आहे. रेवती नक्षत्रातला तारा धरायचा की चित्रा, हा तो जुना वाद. म्हणूनच काही वर्षी सण वेगवेगळ्या दिवशी येतात. एक नक्षत्र १३ अंश २० कलांचं. चार अंश सरकवले की दहांतल्या तीन जणांचं जन्मनक्षत्रच बदलतं, त्याबरोबर नाडी बदलते, गण बदलतो, गुण बदलतात. टिळकांनी पंचांगशुद्धीचा आग्रह धरला तो आकाशातल्या ग्रहांशी गणित जुळावं म्हणून. तो प्रयत्न प्रामाणिक होता आणि मला त्याचा आदर आहे. पण एकाच मुलीला एका पंचांगाने होकार आणि दुसऱ्याने नकार मिळत असेल, तर तो नकार आकाशातून आलेला नाही, एवढं तरी उघड आहे.

हा नकार कुणाच्या वाट्याला येतो हेही पाहायला हवं. मूळ नक्षत्रावरची मुलगी सासऱ्याला वाईट, आश्लेषावरची सासूला, ज्येष्ठावरची थोरल्या दिराला, विशाखावरची धाकट्या दिराला. मुलाच्या नक्षत्राने सासू-सासरे मरतात अशी भीती किती घरांत घातली जाते? आकाश सगळ्यांवर सारखं पसरलेलं असताना दोष मात्र सुनेच्याच पदरात पडतात. पडद्यावरच्या प्रेमकथेत नियती दोघांनाही सारखं छळते. प्रत्यक्षात ती मुलीच्या बायोडेटावर 'सौम्य मंगळ' अशी ओळ होऊन बसते, आणि चार-पाच स्थळं त्या ओळीवरून परत गेली की मुलगी 'आता मिळेल ते' या टप्प्याला येते.

इथे मला एक गंभीर आक्षेप ऐकू येतो. अशा गोष्टी प्रेमिकांना बळ देतात, असं काही जण म्हणतात. नशिबाविरुद्ध उभं राहणारी नायिका पाहून एखादी मुलगी घरी 'पत्रिका बघणार नाही' म्हणेल, मग तत्त्वज्ञान कितीही कच्चं असलं तरी बिघडलं कुठे? या आक्षेपाची सर्वांत मोठी साक्षीदार आपल्या घरातच आहे: सावित्री. महाभारतातल्या वनपर्वात राजा अश्वपती मुलीला सांगतो, तूच वर शोध. ती रथातून निघते, देश फिरते, राज्य गेलेल्या आंधळ्या राजाचा मुलगा निवडते आणि परत येते. नारद सांगतात, हा वर्षभरात मरणार. बाप म्हणतो, दुसरा निवड. ती नकार देते: वाटणी एकदाच होते, कन्या एकदाच दिली जाते, 'देतो' हा शब्द एकदाच उच्चारला जातो. भाकीत अचूक आहे, सांगणारा प्रत्यक्ष नारद आहे, आणि तरी ती आपली निवड बदलत नाही. याहून धीट नायिका आपल्याकडे नाही.

आणि त्या धीटपणाचं आपण काय केलं? वटपौर्णिमेला वडाला सूत गुंडाळलं, सात जन्मांचं व्रत ठेवलं, आणि त्याच घरांत नाडी जुळत नाही म्हणून मुलीने आणलेला मुलगा नाकारला. भाकिताला ठोकरून केलेली निवड गळाली, यमाशी झालेला संवाद आणि नवऱ्याचं आयुष्य तेवढं राहिलं. ज्या गोष्टीत भाकीत खरं असतं, तिच्यातून समाज भाकीतच उचलतो. नायिकेचं धाडस तो अपवाद म्हणून पूजतो, म्हणजे ते कुणी करू नये याची सोय करतो. म्हणून मला 'प्रेम नशिबाला हरवतं' या दिलाशावर विश्वास ठेवता येत नाही. मुलीला नशिबाशी झुंजायला सांगण्याआधी तिला हे सांगायला हवं की समोर जे नशीब म्हणून ठेवलं आहे ते कुणीतरी तपासून पाहिलेलं आहे.

तपासणी झाली आहे, तीही पुण्यात. २००८ साली जयंत नारळीकर, संख्याशास्त्राचे प्राध्यापक सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि ज्योतिषाचा अभ्यास केलेले प्रकाश घाटपांडे यांनी २०० पत्रिका घेतल्या: १०० हुशार विद्यार्थ्यांच्या, १०० मतिमंद मुलांच्या. ज्योतिष्यांना आवाहन केलं की पत्रिकेवरून दोहोंतला फरक ओळखा. प्रत्येकाला ४० पत्रिका पाठवल्या. ५१ जणांनी तयारी दाखवली, २७ जणांनी उत्तरं पाठवली. एकूण बरोबर उत्तरांचं प्रमाण ४६ टक्के आलं, म्हणजे नाणं उडवून मिळालं असतं जवळपास तेवढंच. सर्वांत चांगली कामगिरी ४०पैकी २४. एका संस्थेने सगळ्या २०० पत्रिका तपासल्या, त्यांची १०२ उत्तरं बरोबर आली. चित्रपटातल्या रुग्णालयातल्या परीक्षेशेजारी ही परीक्षा ठेवून पाहा. इथे प्रश्न सोपा होता, दोन टोकांच्या मुलांतला फरक ओळखायचा होता, आणि निकाल कुणाच्याही पटकथेत नव्हता. तरुणपणी हे आकडे हाती पडले असते तर किती मुलींनी आईवडिलांसमोर ते ठेवले असते, असं मला वाटत राहतं.

'पण आमच्या जोशीबुवांनी सांगितलेलं तंतोतंत खरं झालं', हे खोटं बोलणारी माणसं म्हणत नाहीत. त्यांना तसंच वाटलेलं असतं. फ्रान्समध्ये मिशेल गोकलाँ या संशोधकाने १९६८मध्ये फुकट भविष्याची जाहिरात दिली आणि उत्तर पाठवणाऱ्या सगळ्यांना एकच भविष्य धाडलं. ते मार्सेल पेतिओ या खुन्याच्या जन्मवेळेवरून काढलेलं होतं. पहिल्या दीडशे जणांपैकी ९४ टक्के लोकांनी कळवलं की हे वर्णन आपलंच आहे. आपल्या आयुष्यात बसेल असा अर्थ आपणच घालतो, आणि जे बसलं नाही ते विसरतो. फेब्रुवारी १९६२मध्ये अष्टग्रही युती झाली तेव्हा देशभर यज्ञ झाले, लोकांनी प्रवास टाळले, जगबुडीची वाट पाहिली. काहीही झालं नाही. आणि ते भाकीत चुकलं म्हणून कुणी पत्रिका बघणं सोडलं का?

'हे आपल्या परंपरेविरुद्ध आहे' म्हणणाऱ्यांसाठी तुकोबांचे शब्द पुरेसे आहेत: 'सांगों जाणती शकुन । भूत भविष्य वर्तमान ॥ त्यांचा आम्हांसी कंटाळा । पाहों नावडती डोळां ॥' परंपरेत पंचांग आहे आणि हा कंटाळाही आहे. कुठला घ्यायचा हे आपण ठरवतो.

आता पुन्हा प्रेरणाच्या आजाराकडे. त्या चित्रपटात भविष्य सांगणारे दोघे आहेत, तळहात वाचणारा आणि डॉक्टर. कथा त्यांना एकाच तराजूत घालते: डॉक्टर म्हणतो दिवस थोडे आहेत, हात म्हणतो आयुष्य मोठं आहे, बघू कोण जिंकतो. माझा सगळ्यांत मोठा आक्षेप इथे आहे. डॉक्टरचं भाकीत वेगळ्या जातीचं असतं. ते किती रुग्णांवरून काढलं हे विचारता येतं, दुसऱ्या डॉक्टरकडून तपासून घेता येतं, नवा रिपोर्ट आला की बदलता येतं. तो चुकला तर का चुकला हे शोधलं जातं आणि पुढच्या रुग्णाला त्याचा उपयोग होतो. तळहाताचं भाकीत चुकलं तर कारणं तयारच असतात: वेळ चुकली, रेषा बदलली, किंवा प्रेम फार मोठं होतं.

प्रेम आणि नियती यांच्या खऱ्या कथा आपल्याकडे आहेत, त्यांना अजून पटकथा मिळालेली नाही. विदर्भात आणि नंदुरबारसारख्या आदिवासी भागात सिकलसेल हा आनुवंशिक आजार आहे. दोन निरोगी माणसं, दोघंही वाहक, लग्न करतात तेव्हा प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता चारांत एक असते. रक्ताच्या साध्या तपासणीत हे कळतं. नाडी म्हणजे आनुवंशिकताच, असं आजकाल सांगितलं जातं. पण अशा जोडप्याचे आठच्या आठ नाडीगुण जुळू शकतात आणि नाडीला यातलं काहीच कळत नाही. तपासणी झालेल्या त्या दोघांपुढे मात्र खरा प्रश्न उभा असतो. लग्न करायचं का? मूल होऊ द्यायचं का? गरोदरपणात गर्भाची तपासणी करायची का, आणि ती सकारात्मक आली तर काय? त्यांना आकडा माहीत आहे, तो कुणी फसवून सांगितलेला नाही, कितीही प्रेम असलं तरी तो बदलणार नाही, आणि तरी पुढचं सगळं त्या दोघांनी एकमेकांशी बोलून ठरवायचं आहे.